नटी येईपर्यंत

सकाळी साडेसातला मी पळसदेवच्या जुन्या देवळासमोर, भेगाळलेल्या गाळात उभी होते. अंगावर कुणाची तरी वापरलेली सुती साडी होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं आणि समोर कॅमेरा होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा अभिनय करत होते आणि माझे ओठ हलत होते.

ओठ हलतायत हे मला माहीत नव्हतं. ते ऋतुजानं सांगितलं. ऋतुजा माझ्या मुलीची शाळेतली मैत्रीण. बारामतीतच वाढली, पुण्यात सिनेमाचं शिकली, आणि हा तिचा पहिला लघुपट. गोष्ट अगदी छोटी. धरणाच्या पाण्यात माहेर गेलेली एक बहीण खूप वर्षांनी, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर, तिथं येते. तिथंच मासे धरणारा भाऊ तिला भेटतो. बहीण मी. भाऊ म्हणजे पुण्याहून आलेले एक नट, जे मालिकांमधून कुणाचे ना कुणाचे सासरे असतात.

"काकू, छान झालं," ऋतुजा म्हणाली. "फक्त एकच. दादा बोलत असताना तुमचे ओठ हलतायत. त्यांचं वाक्य तुम्ही म्हणताय का?"

"नाही गं," मी म्हणाले. दुसऱ्या वेळीही हलले. तिसऱ्या वेळी मी दात आवळून उभी राहिले, तर बहीण भावावर चिडलेली दिसतेय असं कॅमेऱ्यामागच्या मुलानं सांगितलं. नटमहाशयांनी टॉवेलनं मान पुसली आणि हसत विचारलं, "ताई, माझीही वाक्यं पाठ केलीत की काय?"

"हो."

"कशाला?"

याचं उत्तर तिथं उन्हात उभं राहून देता येण्यासारखं नव्हतं. त्यासाठी कळंबला जावं लागलं असतं. रस्ता फार नाही, याच तालुक्यातला आहे, पण मला जिथं जायचं होतं ते कळंब सदतीस-अडतीस वर्षं मागं होतं.

साखर कारखान्याकडून वारा आला की कळंबच्या आमच्या घरात मळीचा आंबूस गोड वास भरायचा. आई धावत जाऊन दारं लावायची. वास काही त्यामुळं थांबायचा नाही, पण आई दारं लावायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. त्यांचं अक्षर सुरेख, म्हणून गावच्या नाटकाची वही उतरवून काढायचं काम त्यांच्याकडं. चैत्रात यात्रा, यात्रेत नाटक, आणि नाटकात काम करणारे सगळे गावचेच. बहुतेक ऊसवाले, एक पोस्टमन, आणि तालीम घ्यायला गिरणीवाले आबा. फक्त बाईचं काम करायला पुण्याहून नटी आणायची. गावातली बाई स्टेजवर जाईल ही गोष्ट कुणाच्या मनातच येत नसे, त्यामुळं तिला नको म्हणण्याचीही वेळ कुणावर आली नव्हती.

नटी यायची ती नाटकाच्या दिवशी, सकाळच्या एसटीनं. तालीम मात्र दीड महिना चालायची. मग त्या दीड महिन्यात नटीची वाक्यं म्हणायची कुणी? ती मी म्हणायचे. आठवीत होते, वाचन स्वच्छ होतं आणि अण्णा सोबत असायचे. पहिल्याच दिवशी आबांनी मला बाकावर बसवलं, मांडीवर वही दिली आणि बजावलं.

"पोरी, बसून वाच. हातवारं नगंत. मान वर नगं. नटी येस्तवर तुजं काम."

डेअरीला दूध घालून माणसं शाळेच्या सातवीच्या वर्गात जमायची. त्यांच्या अंगाला दुधाचा, चिपाडाचा, विडीचा वास. बाहेर आबांच्या गिरणीचा पट्टा फटफटत असायचा आणि संवादाच्या मध्येच बंद पडायचा, की सगळ्यांचे आवाज एकदम मोठे ऐकू यायचे. नाटक कुठलं का असेना, त्यात एक धाकटा भाऊ वाईट संगतीला लागायचा, एक थोरला भाऊ रडायचा आणि एक बाई सगळं सहन करायची. ती बाई मी होते. नायकाचं काम साहेबराव करायचे. वीस एकर ऊस, भरघोस छाती, पण अण्णांच्या मुलीकडं बघून प्रेमाचं वाक्य म्हणायचं म्हणजे त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग त्यांनी तोड काढली. वर्गाच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता, त्याच्याकडं बघून ते बोलायचे. दीड महिना साहेबरावांनी विदर्भावर प्रेम केलं आणि मी मान खाली घालून त्यांना होकार दिला.

हात हलवायचे नाहीत, हे मला फार जड जायचं. ‘धनी, एकदा तरी माझ्याकडं बघून सांगा’ असं वाक्य असलं की माझा उजवा हात वहीवरून आपोआप उचलला जायचा. आबा नुसते खाकरायचे. हात परत खाली. मग मी असं करायला लागले की हात हलवायची सगळी इच्छा आवाजात घालायची. साहेबराव नकाशाकडं बघता बघता कधीतरी बोलायचे थांबायचे आणि पोस्टमन विडी विझवायचा. ते मला हवंहवंसं वाटायचं. त्या वयात मला दुसरं काहीच इतकं हवंसं वाटलं नाही, हे आज सांगायला हरकत नाही.

आणि मग यात्रेच्या दिवशी नटी यायची. एसटीत उलट्या होऊ नयेत म्हणून हातात लिंबू, अंगाला गुलाबी पावडरीचा वास, बरोबर एक पत्र्याची पेटी. नाटक तिनं वाचलेलंसुद्धा नसायचं. ती तरी काय करणार, त्या महिन्यात तिची दहा गावं आणि दहा नाटकं असायची. ती दुपारी सगळ्यांसोबत जेवायची, पान खायची आणि विचारायची, "पुस्तक कुणाकडं आहे?" पुस्तक माझ्याकडं असायचं. माझ्या हनुवटीला धरून एक नटी म्हणाली होती, "बाळ, तू फक्त माझ्याआधी बोल. बाकी सगळं मी करते."

तिनं खरंच सगळं केलं. मी विंगेत उभी राहून अर्धं वाक्य पुढं बोलायचे, ती ते उचलायची आणि माझ्याकडं न बघता असं म्हणायची की जसं काही आत्ताच तिच्या मनात आलं. तिचं वाक्य झालं की साहेबरावांचं, कारण तेही ऐन वेळी घाबरायचे. मग पोस्टमनचं. पडदा वर जाण्यापासून खाली येईपर्यंत माझे ओठ मिटलेच नाहीत. पुढच्या रांगेतल्या लोकांना नाटक दोनदा ऐकू यायचं. विंगेत सफेद्याचा आणि मिशा चिकटवायच्या स्पिरिटचा उग्र वास, भाड्यानं आणलेल्या पडद्यांना ओल लागल्याचा वास, आणि त्यातून दिसणारी नटीच्या पाठीची एक बाजू. तीन वर्षं मी इतकंच नाटक पाहिलं.

तर ओठ हलणं हे असं जुनं दुखणं आहे. कारखान्याच्या वसाहतीत एका घरी टीव्ही आला, रविवारी संध्याकाळी सगळी आळी तिथं जमायची, तेव्हाही मी पुढचं वाक्य आधी पुटपुटायचे आणि लोक मला गप्प करायचे. लग्न होऊन बारामतीला आले. सरकारी नोकरी लागली. कचेरीत माझं मराठी चांगलं म्हणून साहेबांची भाषणं मी लिहायला लागले. आजवर नऊ साहेब बदलले. मंचावर साहेब बोलतात, मी तिसऱ्या रांगेत बसून ओठ हलवते आणि टाळ्या झाल्या की फाइल उचलते. घरी आमचे हे जेवताना काय म्हणणार ते मला आमटीच्या पहिल्या घासाला कळतं. ‘आज मीठ जरा—’ म्हणेपर्यंत मी बरणी पुढं केलेली असते. पंचवीस वर्षांत या माणसाला एकही वाक्य पूर्ण करायची गरज पडलेली नाही.

पन्नाशी उलटली आणि मला घरात बसवेना. कशानं ते मला अजून सांगता येत नाही. डॉक्टरांनी वयाचं कारण दिलं, बहिणीनं व्रत सांगितलं, मुलीनं पुण्याहून फोनवर चालायला जायला सांगितलं. मी नाटकांना जायला लागले. बारामतीत येईल ते नाटक, एकटीनं. मधली चांगली खुर्ची सोडून अगदी कडेची घ्यायची, जिथून विंगेचा तुकडा दिसतो. कचेरीतून अर्धी रजा टाकून दुपारच्या सिनेमाला जायचं, सगळ्या हॉलमध्ये सहा माणसं आणि थंडगार हवा. घरी कणीक मळताना डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर मालिका. चांगलं आहे की वाईट, हे मी बघतच नव्हते. कुणीतरी मला काहीतरी सांगेल आणि मग मी गप्प बसेन, अशी वाट बघत होते. नाटक संपलं की उलट जास्तच चिडचिड व्हायची. बाहेर पडताना लोक म्हणायचे, काय काम केलं बाईनं! आणि मला वाटायचं, हे मी केलं असतं. मग लगेच स्वतःचीच लाज वाटायची, कारण मी काहीच केलेलं नव्हतं.

मुलीनं ऋतुजाचा निरोप पाठवला, पन्नाशीची बाई हवी, अनुभव नसला तरी चालेल. मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "जा की." मी भांडायची सगळी तयारी केली होती. नको म्हणाले असते तर निदान माझ्या जाण्याला काही वजन आलं असतं. "जा की" म्हणून ह्यांनी पेपर पुढं ओढला, आणि मी दोन दिवस घुश्शात होते.

ऋतुजानं संहिता पाठवली ती मी एका दिवसात पाठ केली. बहिणीची, भावाची, आणि शेवटी येऊन एक वाक्य बोलणाऱ्या कोळ्याचीसुद्धा. मला वाटलं, याला तयारी म्हणतात.

पळसदेवला त्या सकाळी एकूण सात वेळा तोच प्रसंग झाला. ऋतुजानं माझ्या तोंडात वेलदोडा ठेवायला दिला, म्हणजे तोंड बंद राहील. चौथ्या वेळी मी तो गिळला. पाणी खूप मागं हटलं होतं. उसाला पाणी ओढणाऱ्या मोटारींचे काळे पाइप पाण्याच्या मागं मागं गाळातून लांबवर गेलेले, त्यांची एकसुरी घरघर, शिंपले, वाळल्या माशांचा वास. देवळाच्या दगडांवर पाण्यानं सोडलेल्या पांढऱ्या रेघा. बगळे आमच्याकडं ढुंकूनही बघत नव्हते. अकराच्या सुमाराला नटमहाशयांचं काम उरकलं. त्यांचे एकट्याचे, चेहऱ्याजवळून घ्यायचे शॉट सगळे एका झटक्यात झाले. त्यांना दुपारी दुसऱ्या कुणाचे तरी सासरे व्हायला जायचं होतं. त्यांची गाडी धूळ उडवत हायवेकडं गेली.

ऋतुजा माझ्याजवळ येऊन बसली. कसं सांगावं याचा विचार करताना ती लहानपणी करायची तशी बोटं मोडत होती.

"काकू, खरं सांगू? मघाचं काहीच वापरता येणार नाही. आता तुमचे एकटीचे क्लोजअप घेऊ या. ते जमले तर सगळं जमलं. नाहीच जमले तर..." ती थांबली. "तर मी पाणी दाखवते, देऊळ दाखवते, बहीण पाठमोरी दाखवते आणि तुमचा आवाज वर ठेवते. आवाज इतका सुंदर आहे तुमचा. चेहरा नसला तरी चालेल."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट तिनं मला वाचवायची वाट शोधली होती. मी "बरं" म्हणाले आणि उठून देवळाच्या सावलीत जाऊन बसले.

सावलीत एक म्हातारा आधीच बसला होता. डोक्याला टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर, मांडीवर जाळ्याची गुंडाळी. कॅमेऱ्याचं सामान याच्याच होडीतून आलं होतं. सगळे त्याला तात्या म्हणत होते. जेवणाचे डबे आले तेव्हा त्यांनी आपली भाकरी सोडली, माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "तुमी नटी का?"

मला हसू आलं. "अजून ठरायचंय, तात्या."

"कवा ठरल?"

"संध्याकाळपर्यंत."

त्यांना ते पटलं. त्यांनी सुक्या बोंबलाची चटणी माझ्यापुढं सरकवली. मग आपलं आपण बोलत राहिले. देवळाच्या पलीकडं जिथं पाइप वळलाय, तिथं त्यांचं घर होतं. बहीण कऱ्हाटीला दिलेली. पाणी चढलं तेव्हा ती सासरी होती. मग ती कधी आलीच नाही, आणि आता ती राहिली पण नाही. हे ते अगदी साधेपणानं सांगत होते. पण खरं तर माझं लक्षच नव्हतं. ‘चेहरा नसला तरी चालेल’ हे माझ्या डोक्यात वाजत होतं, आणि मी पुन्हा कळंबला गेले होते.

त्या वर्षी नटी आली नाही. का आली नाही ते मला आठवत नाही, कदाचित कुणी सांगितलंही नसेल. विजेचा भरवसा नव्हता म्हणून नाटक दिवसाउजेडीच लावायचं ठरलं होतं. कुस्त्या संपलेल्या, लोक गुलाल झटकत मांडवात येऊन बसलेले. स्टेजच्या मागं सगळे रंगवलेल्या तोंडानं एकमेकांकडं बघत होते. पोस्टमन म्हणाला, "अण्णांची पोरगी हाय की. तिला समदं पाठ हाय."

सगळे आबांकडं वळले. आणि तेवढ्यात मी उभी राहिले. मला कुणी उठ म्हटलं नव्हतं. मी अकरावीत होते, नवी साडी नेसले होते, वेणीत अबोलीचा गजरा होता, वही हातात होती. मी उभी राहिले आणि अण्णांकडं बघितलं. अण्णा वहीकडं बघत होते. खूप वेळ ते वहीकडं बघत राहिले.

शेवटी आबाच म्हणाले, "संपतरावाला नेसवा. पोरगी मागनं बोलंल."

संपतराव गोरे, अंगानं बारीक, आणि तालुक्यात नाव असलेल्या मिशीचे. न्हाव्यानं ती मिशी काढली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना हिरवी साडी नेसवली. राजवाड्याच्या पडद्याला मागून एक भोक होतं, त्याच्याशी तोंड लावून मी बसले. बसूनच. पुढं संपतराव तोंड उघडायचे आणि मागून माझा आवाज जायचा. आधी लोक खूप हसले. भोकातून मला संपतरावांच्या भेगाळलेल्या टाचा आणि वर चढलेली साडी दिसत होती. दुसऱ्या अंकात हसणं कमी झालं. तिसऱ्या अंकात, जिथं ती बाई घर सोडून जाते, तिथं बायकांच्या बाजूनं रडण्याचा आवाज यायला लागला. मी कधी नव्हे इतकं चांगलं बोलले. माझे दोन्ही हात मोकळे होते, कुणी बघत नव्हतं, मी ते हवे तसे हलवले.

पडदा पडल्यावर संपतरावांना हार घातले. सरपंचांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी संपतराव स्वतः आमच्या घरी आले, भला माणूस, ओठांवरून रिकामा हात फिरवत दारातूनच म्हणाले, "आवाज झ्याक हुता तुजा." आई आतून चहा घेऊन आली. ते गेल्यावर तिनं कपबशा उचलल्या आणि म्हणाली, "बरं झालं, कुणाला तोंड न्हाय दिसलं."

ती सुटकेनं म्हणाली. आईला माझी काळजी होती हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पुढच्या वर्षीची वही अण्णांनी आणली तेव्हा परीक्षा आहे असं मी सांगितलं. परीक्षा होती, पण कारण ते नव्हतं.

"काकू, चला. ऊन कलायच्या आत घेऊ," ऋतुजानं हाक मारली.

एकटीचा क्लोजअप घेताना समोरच्या नटाची वाक्यं कुणीतरी कॅमेऱ्याशेजारी उभं राहून म्हणावी लागतात, म्हणजे बोलणाऱ्याला नजर लावायला माणूस मिळतो. नट निघून गेलेला. मदतीला असलेली मुलगी कोवळी, तिच्याकडं बघून भाऊ समजणं मला जमेना. ऋतुजानं इकडंतिकडं बघितलं आणि तात्यांना बोलावलं. "तात्या, फक्त दोन वाक्यं म्हणायची. तुम्ही दिसणार नाही. आधी म्हणा, ताई, कधी आलीस. मग म्हणा, आता काय उरलंय इथं." तात्यांनी मान डोलावली.

म्हणजे त्यांना नटी येईपर्यंतचं काम मिळालं होतं, आणि कॅमेऱ्यासमोर बसलेली मी होते. मला हे सगळं कळत होतं, आणि कळत असूनही व्हायचं ते झालंच.

तात्या म्हणाले, "ताई, कवा आलीस?" आणि अडले. त्यांचा चेहरा कोरा झाला. त्या कोऱ्या चेहऱ्याची मला लहानपणापासून ओळख आहे. साहेबरावांचा व्हायचा, पोस्टमनचा व्हायचा. मी पुटपुटले, "आता काय उरलंय..."

"कट. काकू, तुम्ही त्यांना सांगितलंत."

पुन्हा. पुन्हा तात्या अडले, पुन्हा माझ्या तोंडून वाक्य गेलं. तिसऱ्यांदा तर मी त्यांच्या आधीच म्हणून टाकलं. कॅमेऱ्याच्या मुलानं घड्याळ बघितलं. ऋतुजानं पाण्याकडं बघितलं. ती पाणी कुठून घ्यायचं ते ठरवतेय हे मला स्पष्ट दिसलं. पाणी, देऊळ, पाठमोरी बाई.

मी म्हणाले, "तात्या, सोपं आहे हो. नुसतं म्हणायचं—"

"बाई, तुमी मला सांगू नगा," तात्या एकदम म्हणाले. रागावले होते. "माझं घर हुतं हितं. काय उरलंय आन काय न्हाय, मला म्हाईत न्हाय व्हय? तुमी गप बसा जरा. मी काय म्हणतो ते ऐका."

मोठी झाल्यावर मला असं कुणी बोललं नव्हतं. साहेबांपैकी कुणी नाही, आमचे हे तर नाहीच. माझा चेहरा गरम झाला. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि ती हळूच म्हणाली, "चालू आहे."

तात्या उभे होते. मी खाली, गाळातून वर आलेल्या एका दगडावर. पाइप वळलाय त्या बाजूला त्यांनी बघितलं. मोटारींची घरघर ऐकू येत होती. मी वाट बघत होते, आणि माझ्याकडं त्यांना द्यायला काहीही नव्हतं, कारण ते काय बोलणार याचा मला पत्ता नव्हता. ते परत माझ्याकडं वळले. दिवसभर मला बाई आणि तुमी म्हणणारा माणूस म्हणाला,

"इतकी वर्सं कुठं हुतीस गं?"

संहितेत असं काही नव्हतं. मला माझं वाक्य आठवत होतं, ‘तू उरलायस ना रे दादा’, चांगलं वाक्य होतं, पण ते इथं लागत नव्हतं. त्या म्हाताऱ्याचे डोळे माझ्यावर लागलेले. तो कऱ्हाटीच्या बहिणीला विचारत होता की मला, कुणास ठाऊक. पण उत्तर माझ्याकडं मागत होता.

"हितंच हुते," मी म्हणाले. "कुणी मागं वळून बघितलंच न्हाय."

कळंबचं बोलणं मी बारामतीत आल्यावर सोडलं होतं. ते कुठून आलं कळलं नाही. मला रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही. तात्यांनी होकारार्थी मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली.

"कट."

कॅमेऱ्याचा मुलगा छोट्या पडद्यावर वाकला होता. ऋतुजानं विचारलं, "ओठ?"

"मिटलेत. तात्या बोलतायत तेव्हा एकदम मिटलेत. चेहरा बघ तू."

ऋतुजानं खूप वेळ बघितलं. मग हातातले संहितेचे कागद घेऊन ती माझ्याजवळ आली. "काकू, हे मी लिहिलेलं नाही. हे घेतलं तर पुढचं माझं काहीच जुळत नाही." ती तक्रार करत नव्हती. तिचे डोळे चमकत होते.

तात्यांनी टोपी काढून परत डोक्यावर नीट बसवली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "मग बाई, आता म्होरं काय म्हणायचं मी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मला माहीत नव्हतं, आणि तसं मी मोठ्यानं सांगितलं.